करमत नाही म्हणालास ना

बेटा,

काल फोनवर तू "पप्पा, इथे करमत नाही" म्हणालास आणि लगेच "काही नाही, असंच" करून क्रिकेटवर गेलास. मी पण काही बोललो नाही, कारण आई बाजूलाच ठेच्यासाठी मिरच्यांची देठं तोडत बसली होती, तिने ऐकलं असतं तर रात्रभर झोपली नसती. म्हणून हे टाइप करतोय, चुका समजून घे.

पहिलं म्हणजे लाजायचं काही नाही. या करमत नसण्याला एकेकाळी चक्क आजार म्हणायचे! १६८८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात योहानेस होफर म्हणून डॉक्टरकी शिकणारा पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, म्हणजे तुझ्याच बरोबरीचा, त्याने यावर प्रबंध लिहिला आणि आजाराला नाव दिलं नॉस्टॅल्जिया. ग्रीक शब्द जोडलेत, नोस्टोस म्हणजे घरी परतणं आणि आल्गोस म्हणजे दुखणं. आता आपण जुनं गाणं लागलं की "नॉस्टॅल्जिक झालो यार" म्हणतो, पण शब्द मूळचा दवाखान्यातला. त्यात बर्नच्या एका विद्यार्थ्याची केस आहे, शिकायला बासेलला आलेला, तापाने फणफणला, लोक त्याच्यासाठी प्रार्थना करायला लागले इतकं झालं, शेवटी म्हटलं घरी पाठवा, तर पठ्ठ्या बर्नला पोचायच्या आधी रस्त्यातच ठणठणीत! बासेल ते बर्न शंभरेक किलोमीटर, तू तर अमळनेरहून पुण्याला त्याच्या तिप्पट लांब गेलायस, मग दोन दिवस करमलं नाही तर काय बिघडलं.

आणि मेसच्या भाजीला तर्री नसते म्हणून रडतोस ना, ती मिरची तरी कुठे आपली, मूळची अमेरिकेकडची, पोर्तुगीजांच्या जहाजातून इकडे आली. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग त्याआधी लोक जेवत काय होते?

आपल्याकडच्या लोकांनी यावर डॉक्टर नाही शोधला, तारखा ठरवल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पोटभर गाणी म्हणतात. आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचा सण, तेव्हा सुरत-नाशिक-मुंबईला गेलेले सगळे भाऊबंद घरी.

आता रविवार, हा पण आभाळातून नाही पडला. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती, नारायण मेघाजी लोखंडे (महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक माणूस) कित्येक वर्षं त्यासाठी भांडले, तेव्हा १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. तुझे आजोबा इथल्या मिलमध्ये होते, रविवारी ते दाढी करून आरशासमोर उगाच पाच मिनिटं उभे राहायचे, मला वाटायचं काय बघतात एवढं. आता कळतं, त्या दिवशी भोंग्याची घाई नसायची.

तर मुद्द्यावर येतो. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढायची वेळ आली. तुला माहितीय आपल्या घरी गड्यांच्या, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या, नावाने माणशी सव्वा मूठ गहू घेतात, मागच्या वर्षी तुझी मूठ तूच भरली होतीस आणि मुद्दाम गच्च दाबून भरली म्हणून आजी हसली होती. यंदा आई तुझ्या नावाची भरणार आहे, तिची मूठ लहान, ती आत्तापासून म्हणतेय मी दोनदा भरेन. आणि रोट घराबाहेर द्यायचे नसतात, घरच्यांनीच संपवायचे, मग तुझ्या वाटचे कोण खाणार, मी? माझी शुगर माहितीय ना तुला.

शनिवार पहाटेपर्यंत पोचशील अशी ट्रॅव्हल्स बघ, स्लीपर, खालचा बर्थ. पैसे टाकलेत.

तुझे पप्पा

ता. क. आजी म्हणते येताना ती केसांची पिन घेऊन ये, तुला माहितीय म्हणे कुठली. मला नाही माहिती.