काजूचा कारखाना टाकण्याआधी

कुडाळ

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. नोकरी सोडून गावी यायचं आणि काजूचा कारखाना टाकायचा, हे तू मनावर घेतलेलं दिसतंय. मला बरं वाटलं. तुझा पहिला प्रश्न मशिनरीचा आहे, तो मी शेवटी घेतो. कारण एप्रिलमध्ये काजूची बी भरायला पैसा नाही आणि जुलैत कटिंगला, म्हणजे बी फोडायला, बायका नाहीत, या दोन गोष्टींपायी छोटे कारखाने बसतात. मशीन बिचारं तसंच उभं असतं.

आधी माणसांचं. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यातली तरणी पोरं सकाळी दुचाकी काढतात ती गोव्याच्या दिशेने. म्हापसा, पणजी पूर्वीपासून होतंच, त्यात जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि हॉटेल, टॅक्सी, मालवाहतूक यांतली कामं आणखी जवळ आली. तिथला पगार सोडून ती पोरं तुझ्याकडे बी वाळवायला येणार नाहीत, आणि त्यांना दोष देऊ नकोस. काजूचा धंदा चालतो तो बायकांच्या हातावर. त्यांना काम हवं असतं ते घराजवळ, पोरं शाळेत गेल्यावर सुरू होणारं आणि संध्याकाळी वेळेत सुटणारं. म्हणून हायवेच्या कडेची महाग जागा घेऊ नकोस. दोन-तीन वाड्यांतून चालत येता येईल अशी जागा बघ. लावणीला, चतुर्थीला आणि भातकापणीला कारखाना रिकामा राहणार हे गृहीत धर, वर्षाचे दिवस ३०० न धरता २५० धर.

कटिंगच्या टेबलाशी अर्धा तास उभा राहून बघ. बाई डाव्या हाताने बी दोन पात्यांच्या मधे बसवते, पायाने दाब देते, उजव्या हाताने दांडा वळवते, टरफल उघडतं आणि गर अख्खा बाहेर येतो. बी जरा तिरकी बसली की पातं गरात घुसतं आणि पाकळी होते. म्हणून मजुरी किलोवर देताना अख्ख्या गराचा दर वेगळा आणि तुकड्याचा वेगळा ठेव. एकच दर ठेवलास तर हात वेगाने चालतील आणि नुकसान तुझ्या डब्यात दिसेल. टरफलातलं तेल कातडी जाळतं. हाताला लावायला तेल, राख, मोजे यांत काटकसर केलीस तर हात सोलवटलेली बाई दुसऱ्या आठवड्यात येणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

आता बी. हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. झाडाखालून आलेली बी ओली असते. कडक उन्हात दोन-तीन दिवस पसरायची, मधून मधून हलवायची, ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास आला पाहिजे. मूठभर बी हातात खुळखुळवली की सुकलेली कळते. खरेदीआधी प्रत्येक गाडीतल्या वेगवेगळ्या गोणींतून मिळून १ किलो बी काढ, मोज आणि फोडून गर तोल. वेंगुर्ला-४ जातीच्या किलोत साधारण १३० बिया येतात, वेंगुर्ला-७ च्या १०० च्या आसपास, गावठी बारीक असेल तर कितीतरी जास्त. किलोमागे चांगला गर २७० ग्रॅम निघाला तर माल ठीक. २४० निघाला तर त्या हिशेबाने भाव पाड. गोणी फळ्यांवर रचायच्या, भिंतीला टेकवायच्या नाहीत. आपल्या पावसात भिंतीलगतचा थर पहिला बुरसतो.

वाफ देणं आणि बोरमा, म्हणजे गर वाळवायची भट्टी, या दोन जागी सगळा माल घडतो किंवा बिघडतो. वाफ कमी पडली तर टरफल चिवट राहतं आणि गर फुटतो, जास्त झाली तर तेल गराला लागून तो काळपट होतो. वाफेनंतर बी रात्रभर निवू दे, गरम बी कटिंगला घेऊ नकोस. मग गर बोरम्यात ६५ ते ७० अंशांवर सहा-आठ तास, ट्रे वरखाली बदलत. घाईने उष्णता वाढवलीस की कडा तांबूस होतात आणि दर पडतो. बाहेर काढलेला गर अगदी कुरकुरीत असतो, थोडा दमट होऊ दिल्याशिवाय वरची पातळ साल सोलायला घेतलास तर चुरा. प्रतवारीत डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २४० पर्यंत अख्खे गर, ३२० म्हणजे ३२० पर्यंत. आकडा जितका लहान तितका काजू मोठा.

आता पैसा. रोज ८० किलोची एक गोणी, २५० दिवस, म्हणजे २० टन बी. भाव दर वर्षी हलतो, हिशेबापुरता किलोला १२० रुपये धर, म्हणजे २४ लाख रुपये नुसते बियांत आणि तेही तीन महिन्यांत. यातून २७ टक्क्यांनी ५,४०० किलो गर, तो विकायला वर्ष. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, ती अजून चालू असेल तर, ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख, पण ते कर्जाला जोडलेलं आणि मशिनरी-शेडसाठी. त्यातून बी येत नाही. तुझ्या आईच्या नावावरच्या बागेची बी असेल तर बाजार समितीतून शेतमाल तारण कर्जाचं विचार, काजू बी त्या यादीत आहे. बाकीच्यासाठी बँकेकडे खेळत्या भांडवलाची मर्यादा जानेवारीतच मंजूर करून घे. मार्चमध्ये अर्ज केलास तर पैसे येईपर्यंत चांगली बी व्यापाऱ्यांच्या गोदामात गेलेली असेल.

माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी बी विकतच घेऊ नकोस. बागायतदारांची बी किलोमागे मजुरी घेऊन फोडून दे. हात बसतील, बायका टिकतात का ते कळेल, चुकांची किंमतही कमी पडेल. त्यासाठी एक वाफेचं भांडं, चार कटर, एक बोरमा, वजनकाटा आणि पॅकिंगचं मशीन एवढं पुरे. टरफलं तेलवाल्यांना वीक. भट्टीत जाळशील तर धूर वाडीवर जाणार नाही अशी चिमणी आधी बांध.

कोटेशन तीन ठिकाणांहून मागव, आणि प्रत्येकाने पुरवलेलं मशीन कुणाच्या तरी शेडमध्ये चालताना बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नकोस. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस काढून ये, तेव्हा बी, वाफ, कटिंग सगळं एकाच वेळी चालू सापडेल. येताना आईच्या बागेचा सातबारा घेऊन ये.

तुझा मित्र