सेदाँच्या त्या फाशाबद्दल

प्रिय संज्या,

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून डोक्यात आपला १९४० च्या जर्मनी-फ्रान्स युद्धाचा पटावरचा डाव फिरतोय, म्हणून आज सरळ लिहायलाच बसलो. तुझं बरोबर होतं. तू फ्रान्स, मंदार जर्मन, त्याचा फासा एकवर पडला म्हणजे जर्मनांना म्यूझ नदी ओलांडता आली नाही, विषय संपला, आणि मी पंच असून म्हणालो की १३ मे १९४० ला ते फ्रान्समधल्या सेदाँ गावापाशी ओलांडून गेलेच होते ना, मग पुन्हा टाक. हे मी करायला नको होतं रे.

रात्री जपान-अमेरिकेची मिडवेची समुद्री लढाई आठवली. त्या लढाईआधी जपानी नौदलाने यामातो युद्धनौकेवर असाच सरावाचा डाव मांडला होता, पंचाच्या फाशाने अकागी आणि कागा या दोन्ही विमानवाहू नौका बुडाल्या, तर ॲडमिरल उगाकीने नऊ बॉम्ब लागलेत ते तीनच धरा म्हणून सांगितलं आणि कागा तर बुडूनही पुढच्या डावात परत पटावर आली. जून १९४२ मध्ये खऱ्या समुद्रात दोन्ही गेल्या. त्याने आपल्या बाजूसाठी फासा फिरवला, मी इतिहासासाठी, पण समोर बसलेल्याला काय फरक पडतो?

आता खरी अडचण. तू पहिल्याच टर्नला राखीव फौज सेदाँमागे आणलीस, कारण जर्मन आर्देनच्या जंगलातून येणार हे तुला आधीच माहितीये. फ्रेंच सरसेनापती गामलाँला ते माहीत नव्हतं, त्याची चांगली चांगली गाडीवरची फौज बेल्जियममध्ये गेली, सातवी आर्मी तर पार हॉलंडात ब्रेडाकडे. मग हे ज्ञान खेळाडूच्या डोक्यातून काढायचं कसं? बरेच गेम फ्रान्सलाच लंगडं करतात, हार्ट्स ऑफ आयर्न ४ या कॉम्प्युटर गेममध्येही फ्रान्स सुरुवातीपासून राजकीय गोंधळाचे मायनस घेऊनच उभा असतो. मला ते मनापासून पटत नाही. फ्रेंचांच्या शार बी-१ बिस रणगाड्याचं चिलखत ६० मिलिमीटर, जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफेला समोरून दाद द्यायचा नाही, १६ मे ला स्टोन गावात अशा एकाच रणगाड्याने १४० फटके खाऊन १३ जर्मन रणगाडे उडवले. त्या सोंगटीवर मी कमी आकडा कुठल्या तोंडाने लिहू?

कमी होता तो वेग, हुकूम पोचायचा वेग. गामलाँच्या पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या मुख्यालयात वायरलेस नव्हता. त्या रणगाड्याच्या बुरुजात एकच माणूस, तोच बाहेर बघणार, तोच तोफ भरणार, तोच डागणार. १४ मे ला सकाळी सेदाँवर उलटा हल्ला झाला खरा, पण कितीतरी तास उशिरा, तोवर जर्मन रणगाडे नदीच्या अलीकडे आलेले.

म्हणून नवीन नियम असे लिहिलेत. सोंगट्यांचे आकडे खरे तेच राहतील, पण फ्रेंच खेळाडूने हुकूम चिठ्ठीवर दोन टर्न आधी लिहून ठेवायचा, जर्मनाने एकच टर्न आधी. आणि जर्मन खेळाडू सुरुवातीला गुपचूप एक चिठ्ठी निवडेल, आर्देन किंवा बेल्जियम. बेल्जियमवाला बेत काही मनचा नाहीये, जर्मनांचा आधीचा बेत तोच होता, जानेवारीत त्यांचं एक विमान कागदांसकट बेल्जियममध्ये उतरलं तेव्हाचा. म्हणजे तुला गामलाँइतकंच कोडं पडेल, आणि सगळी राखीव फौज सेदाँमागे लावणं हा खराखुरा जुगार होईल. जिंकायचं माप पॅरिस नाही, फ्रान्स शेवटी पडला तरी चालेल. जर्मन २० मे ला आबव्हीलला समुद्रापाशी पोचले होते, तू त्यांना २५ पर्यंत अडवलंस की तू जिंकलास. मग बाजू बदलून परत एक डाव. हे पाच दिवस जास्त होतायत की कमी ते मात्र खेळूनच कळेल, तिथे मला तुझं मत हवंय.

नियमांचा कागद सोबत पाठवतोय, खटकेल तिथे लाल पेनाने लिही. शनिवारी जर्मन मी घेतो, पंच मंदार. आणि रविवारचा डाव वहीत तुझ्या नावावर लिहिलाय, पहिलाच फासा धरून.

तुझा,
अव्या