दिवा विझवायला सांगणाऱ्या ताईंचे आभार

चार दिवस कॉम्प्युटरवरच्या एकाच थ्रीडी गोळ्याशी झटत होते. गोल असताना त्यावर प्रकाश छान पडायचा, पण आडवा दुप्पट ताणला की उजेड भलतीकडेच सरकायचा. दिव्याची जागा बदलली, रंग बदलले, शेवटी स्वतःवरच चिडले.

शेजारच्या टेबलावरच्या ताई, ज्यांचं नावही मला माहीत नव्हतं, काम सोडून आल्या. "आधी दिवा विझव. नॉर्मलच रंग म्हणून दाखव." नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाला त्या जागी लंब असलेली दिशा. तिचे आकडे -१ ते १ असतात आणि रंगाचे ० ते १, म्हणून ०.५ ने गुणून ०.५ मिळवलं. माथ्याजवळ उजवीकडे हिरवट (वरची दिशा) हवं तिथे लाल (आडवी दिशा) पसरला होता. दिवा बिचारा निर्दोष!

मग माझ्याच वहीत त्यांनी रेघ काढली: दिशा (१, १), लंब (-१, १). ताणल्यावर रेघ (२, १), लंब (-२, १). डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज, काटकोनात ती ० येते) -३, म्हणजे काटकोन गेला. लंब हवा (-०.५, १). म्हणून नॉर्मलला मॉडेल मॅट्रिक्सचा (गोळा ताणणाऱ्या आकड्यांच्या तक्त्याचा) इन्व्हर्स ट्रान्सपोज, म्हणजे व्यस्त काढून ओळी-स्तंभ अदलाबदल केलेला तक्ता लावायचा, मग नॉर्मलाइझ करायचं, म्हणजे लांबी १ करायची.

कोडची ती ओळ त्या सरळ टाइप करून देऊ शकल्या असत्या. त्याऐवजी पेन्सिल माझ्या हातात दिली, दुसरं उदाहरण मला सोडवू दिलं आणि मी दोनदा चुकले तरी शांत बसून राहिल्या. ताई, मनापासून आभार. वहीचं ते पान अजून जपून ठेवलंय.