बहात्तर तास आधी कळवा

संपादक महोदय,

कोविडच्या साथीत परदेशातून येणाऱ्या प्रवाशांना सक्तीचा असलेला ‘एअर सुविधा’ फॉर्म २२ नोव्हेंबर २०२२पासून बंद झाल्याची बातमी वाचली. मरोळला माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गेली दोन वर्षं दुकानाच्या भाड्याला या फॉर्मचा चांगला हातभार लागला, त्यामुळे बातमी वाचून हसावं की रडावं तेच कळेना.

फॉर्म फुकट होता आणि तो प्रवाशाने स्वतःच भरायचा होता. पण शारजात एसी दुरुस्त करणारा आमच्या रत्नागिरीकडचा मुलगा एका खोलीत सहा जणांबरोबर राहतो. फॉर्म सगळा इंग्रजीत. पासपोर्ट आणि आरटीपीसीआरचा रिपोर्ट पीडीएफ करून चढवायचा, मोबाईलवर काढलेला फोटो चालत नसे. मग तो ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आईला पाठवणार, आई तो फोन घेऊन माझ्याकडे येणार, मी पीडीएफ करणार. एक अक्षर चुकलं तर दुरुस्तीची सोय नाही, पहिल्यापासून नवा फॉर्म. मी पन्नास रुपये घेत होतो. दुसऱ्यांदा भरावा लागला तर घेत नव्हतो.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. एप्रिल २०२१. राज्याच्या ‘ब्रेक द चेन’ निर्बंधांमुळे दुकान बंद होतं. सकाळी साडेसहाला आमच्या मागच्या चाळीतला एक मुलगा दारात, त्याचा थोरला भाऊ अमिरातीत (यूएई) नोकरीला. “काका, बाबा गेले रात्री. दादाचा फॉर्म भरायचाय.” हार्टअटॅक होता, कोविड नव्हे. मी शटर अर्धं वर केलं (नियम मोडला, कबूल करतो) आणि कॉम्प्युटर लावला.

घरात मृत्यू झाला असेल तर आरटीपीसीआर रिपोर्टशिवाय येण्याची सवलत तेव्हा होती. ती पोर्टलवर मागायची होती, विमानात बसण्याच्या किमान ७२ तास आधी. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि त्याला मराठीत सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “म्हणजे बाबांनी तीन दिवस आधी सांगायला हवं होतं?”

चाचणीचा रिपोर्ट त्याआधीच हातात येतो, म्हणजे सवलत घेण्यापेक्षा चाचणी लवकर. थोरल्याने तेच केलं. त्यात आखातातून मुंबईत उतरलं की सात दिवस हॉटेलात, तेही स्वखर्चाने. म्हणून त्याने अहमदाबादचं तिकीट काढलं आणि तिथून रात्रीच्या गाडीने बोरिवलीला आला. असं करणारा तो एकटा नव्हता. मुंबईचा नियम चुकवायला लोक दुसऱ्या शहरात उतरत होते आणि ट्रेनने, गाडीने मुंबईतच येत होते. विषाणू जर त्यांच्याबरोबर असेलच, तर आता तो विमानाऐवजी स्लीपरच्या डब्यातून आला, एवढाच फरक. अग्नी धाकट्याने दिला होता. थोरला पोचला तेव्हा अस्थी मडक्यात होत्या.

पुढे २५ एप्रिलपासून अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं. वडिलांसाठी आठ दिवसांच्या रजेवर आलेला माणूस ऑगस्टपर्यंत चाळीत बसून होता. इतक्या महिन्यांचा पगार गेला तो गेलाच, नोकरी टिकली हेच नशीब. दार उघडलं तेव्हा विमान सुटण्याआधी काही तासांच्या आत विमानतळावरच रॅपिड पीसीआर करायचा होता. मुंबई विमानतळावर त्याचे साडेचार हजार रुपये. ते पैसे त्याने चाळीतून उसने घेतले. निघण्याआधी केलेल्या आरटीपीसीआरच्या रिपोर्टवर क्यूआर कोड आहे की नाही, हे माझ्याकडूनच तीनदा तपासून घेतलं, कारण कोड नसलेला रिपोर्ट तिथे चालणार नव्हता.

गैरसमज नको. सक्तीला माझा विरोध नाही. १८९६ साली प्लेग याच शहरात, मांडवीत सापडला. त्यातून आलेला १८९७चा साथरोग कायदाच २०२० मध्ये राज्य सरकारने पुन्हा लावला आणि मार्चमध्ये प्रवाशांच्या हातावर मतदानाच्या शाईचे शिक्के मारले, तेव्हा मला ते पटलंच होतं. शिक्का मारलेला एक गिऱ्हाईक झेरॉक्सला आला तर मी त्याला बाहेरच उभं केलं. दुसऱ्या लाटेत माझा सख्खा मावसभाऊ गेला. नियम कडक असू देत. पण पाळायचा कसा, हे मरोळच्या काउंटरवर बसून कुणी तरी एकदा बघावं.

ओमायक्रॉनच्या वेळचं बघा. नोव्हेंबर २०२१च्या शेवटी केंद्राने १ डिसेंबरपासूनचे नवे नियम काढले: जोखमीच्या देशांतून आलेल्यांची विमानतळावर चाचणी, निगेटिव्ह आला तर सात दिवस घरी. ३० नोव्हेंबरला महाराष्ट्राने वेगळा आदेश काढला, सात दिवस घराऐवजी संस्थात्मक विलगीकरण, म्हणजे हॉटेलात किंवा केंद्रात. केंद्राच्या आरोग्य सचिवांनी पत्र लिहून राज्याला आपल्या नियमांशी जुळवून घ्यायला सांगितलं आणि २ डिसेंबरला राज्याने आदेश बदलला. दिल्ली आणि मंत्रालयाचं चाललं होतं ते चालू द्या, पण या तीन दिवसांत जे विमानात होते त्यांचं काय? माझ्याकडे एक काका आले, मुलगी-जावई लंडनहून निघाले होते, मध्ये विमान बदलायचं होतं. मला विचारत होते, “हॉटेल बुक करू की नको?” मी झेरॉक्सवाला, काय सांगणार! लंडनवरून आठवलं, त्याआधी ऑक्टोबरात तिथल्या लोकांना आपण ४ तारखेपासून दहा दिवस विलगीकरणात बसवलं, कारण त्यांनी आपल्या कोविशिल्डचं सर्टिफिकेट मानलं नव्हतं. त्यांनी मानलं आणि १३ तारखेला आपण सोडून दिलं. त्याला साथीचा नियम म्हणायचं तर म्हणा.

माझं मागणं मोठं नाही. माणूस विमानात बसताना जो नियम असेल, तोच तो उतरताना त्याला लागू राहावा. राज्याला जास्त कडक नियम करायचा असेल तर जरूर करावा, पण तारीख पुढची द्यावी. मृत्यूची सवलत ठेवायची असेल तर मृत्यूचा दाखला दाखवला की त्याच दिवशी मिळावी. आणि फॉर्म मराठीत, हिंदीत, मल्याळममध्ये असावा. आखातात कोण जातं, हे सरकारला माहीत नाही असं थोडंच आहे?

आणखी एक, ज्याची मला स्वतःलाच लाज वाटते. या फॉर्मपायी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर साडेतीनशेहून जास्त लोकांचे पासपोर्ट पडून होते. फॉर्म बंद झाल्याची बातमी आली त्या रात्री बसून ते पुसले. माझ्यासारखी किती दुकानं असतील आणि त्यांतल्या किती जणांनी पुसले असतील!

राहता राहिला फॉर्ममधला सीट नंबरचा रकाना. त्याला कारण होतं. विमानात कुणी पॉझिटिव्ह निघाला तर त्याची रांग आणि पुढच्या-मागच्या तीन-तीन रांगांतले लोक शोधायचे. पण फॉर्म भरताना चेक-इन झालेलं नसायचं आणि रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नसे. मी सगळ्यांना १२ए लिहीत होतो. पुढच्या वेळी सीट नंबर माणूस सीटवर बसल्यावर विचारा.

– एक झेरॉक्सवाला, मरोळ, अंधेरी (पूर्व)