‘डायोनिससचे मंदिर सापडले’ हे ठरवले कुणी?

महोदय,

बल्गेरियातील पेरपेरिकॉनच्या उत्खननावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. छायाचित्रे झकास आहेत. पण ‘डायोनिससचे हरवलेले मंदिर अखेर सापडले’ हा मथळा फारच घाईचा झाला. (डायोनिसस म्हणजे प्राचीन ग्रीकांचा मद्यदेव.)

कर्जालीजवळच्या या टेकडीवर पुरातत्त्वज्ञ निकोलाय ओव्चारोव २००० सालापासून खोदकाम करत आहेत. तिथे थ्रेसियन लोकांचे (या भागातल्या प्राचीन रहिवाशांचे) मोठे पूजास्थान होते, याबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. प्रश्न आहे तो देवाच्या नावाचा. हे डायोनिससचेच प्रसिद्ध दैवी कौलाचे ठिकाण, हे मत ओव्चारोव यांचे. सगळ्याच अभ्यासकांना ते मान्य नाही. लेखात मात्र ते निकाल लागल्यासारखे छापले आहे.

मुळात प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस काय सांगतो? सात्राय या थ्रेसियन जमातीच्या मुलखात, सर्वांत उंच डोंगरांवर हे ठिकाण आहे आणि ग्रीसमधल्या डेल्फीच्या कौलस्थानासारखी तिथेही स्त्रीच कौल देते. पेरपेरिकॉनची उंची जेमतेम ४७० मीटर. त्याच ऱ्होडोपी पर्वतरांगेत दोन हजार मीटरच्या वरची शिखरे उभी आहेत! रोमन चरित्रकार सुएटोनियसने सम्राट ऑगस्टसच्या वडिलांनी थ्रेसमध्ये याच देवाचा कौल घेतल्याची कथा दिली आहे. वेदीवर मद्य ओतताच ज्वाळा देवळाच्या छपरापार गेली, असे तो लिहितो. पण ते देऊळ नेमके कुठे, हे तोही सांगत नाही.

दुसरी अडचण खडकाचीच. कातळात कोरलेल्या खळग्याचे वय खळगा स्वतः सांगत नाही. त्यात साचलेली माती, खापरे, कोळसा यांवरून काळ ठरवायचा. पण पेरपेरिकॉनवर कांस्ययुगापासून मध्ययुगापर्यंत माणसांचा राबता होता. रोमन आले, पुढे चर्च उभे राहिले, बिशप बसले. ज्याने त्याने आधीच्याचे झाडून आपले मांडले. शिवाय पन्हळ असलेला कोरीव हौद बळीचे रक्त वाहून जाण्यासाठी की द्राक्षे तुडवण्यासाठी, हे नुसते बघून कोण छातीठोक सांगणार?

चौकटीत ताटुल या बल्गेरियातल्याच दुसऱ्या खडकाळ स्थळाला ‘ऑर्फियसची कबर’ (ऑर्फियस म्हणजे ग्रीक पुराणकथांतला गायक) म्हटले आहे, ते तर अतीच. तिथल्या खडकाच्या माथ्यावर थडगी कोरलेली आहेत, हे खरे. पण प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियसच्या काळी ऑर्फियसच्या अस्थी दाखवल्या जात त्या ग्रीसमधल्या ऑलिंपस पर्वताच्या पायथ्याशी, डिऑन गावाजवळ. पर्यटन वाढवायला ऑर्फियस बरा पडतो, एवढेच.

एक गोष्ट मात्र लेखात असायला हवी होती, ती राहून गेली. जगात भारतीयांखालोखाल संख्येने मोठे लोक ते थ्रेसियन, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. (भारत त्याने पाहिलेला नव्हता, तो भाग वेगळा.) आपल्या वाचकांना ते वाचायला आवडले असते.

यापुढे अशा बातमीत ‘उत्खननकर्त्यांच्या मते’ एवढे दोन शब्द घालावेत आणि भिन्न मत असलेल्या एखाद्या पुरातत्त्वज्ञाचेही म्हणणे छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, मिरज