धडक देऊन पळाल तर

संपादक महोदय, चीनच्या फौजदारी कायद्यातलं कलम १३३ सगळ्यांनी वाचावं असं मनापासून वाटतं. नियम मोडून अपघातात कोणी मेलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, पण ड्रायव्हर पळाला तर ३ ते ७, आणि पळाल्यामुळे मदत न मिळून जखमी माणूस दगावला तर किमान ७ वर्षं, म्हणजे तो रस्त्यावर तळमळत पडलेला वेळसुद्धा कायदा मोजतो! जखमीला उचलून लपवलं आणि तो गेला तर थेट खूनच. २०१० मध्ये चीनमधल्या शिआन शहरात एका विद्यार्थ्याने गाडीने एका बाईला धडक दिली, ती जखमी बाई गाडीचा नंबर बघतेय म्हणून तिला चाकूने भोसकलं, त्याला २०११ मध्ये देहदंड दिला गेला. शिवाय पळणाऱ्याचं लायसन्स कायमचं जातं, हे मला फार पटलं.