मुंबई-गोवा महामार्ग आणि पुराची वाट

मा. संपादक,

मुंबई-गोवा महामार्गावर लिहिताना सगळा भर खड्डे आणि रखडलेले चौपदरीकरण यांवरच असतो. पावसाळ्यात हा रस्ता वारंवार त्याच त्या गावांत बंद का पडतो, याचे कारण त्याच्या आखणीतच आहे.

पूर्वीचा १७, आताचा ६६ क्रमांकाचा हा महामार्ग पनवेलहून निघून बांद्यापुढे पत्रादेवीला गोव्यात शिरतो. नागोठणे, महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही वाटेवरची किंवा वाटेलगतची सारी जुनी बंदरे. भरतीवर गलबते जिथवर येत, तिथे माल उतरून घाटाला लागे. रस्त्यानेही याच पेठा जोडल्या. त्यामुळे मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की नदी तुंबते आणि पाणी पेठेत शिरते. चिपळूणला तर वाशिष्ठी नदीत कोयनेच्या वीजनिर्मितीचे अवजलही, म्हणजे वीज तयार केल्यावर सोडलेले पाणीही, येते. जुलै २०२१ चा महापूर कोण विसरेल?

चौपदरीकरणात याच सखल भागांत उंच भराव झाले. पुलाखालून नदी जाते, पण काठाबाहेर पसरलेल्या पाण्याला भरावातल्या मोऱ्यांखेरीज वाट नसते. मोऱ्या फांद्या, गाळ, प्लास्टिकने बुजल्या की वरच्या अंगाला पाणी चढते, पुलाच्या टोकाला वळसा घेते आणि तिथली माती ओढून नेते. वर काँक्रीट शाबूत दिसते, खाली पोकळी. म्हणून मे अखेरीस प्रत्येक मोरी आरपार उजेड दिसेल इतकी साफ हवी आणि पूर ओसरल्यावर पुलाच्या दोन्ही टोकांचा भराव तपासल्याशिवाय वाहतूक सोडू नये. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. एवढी किंमत मोजल्यावर तरी पाहणीत हयगय नको.

वाहनचालकांना पर्याय आहेत: कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूण, कोल्हापूरहून आंबा घाटाने हातखंबा, फोंडा घाटाने कणकवली. पण तिथेही दरडी कोसळतात, तेव्हा घाट सुरू असल्याची खात्री करूनच निघावे.

आपल्याकडे एक विनंती. पावसाळ्यात हवामानाच्या चौकटीत भरतीच्या वेळाही छापाव्यात. वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळला आलेली भरती आत चिपळूणपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तोही तिथे नमूद करावा.

– एक वाचक, चिपळूण